ऊर्जानगर ते वडसा, बाणांच्या भरवशावर

परत आल्यापासून कॉलनीत जो भेटतो तो एकच विचारतो, "काय बबनभाऊ, वाघ दिसला का?" मी कोणालाच निराश करत नाही. दूधवाल्याला सांगितलेला वाघ आठ फुटांचा होता. पानठेल्यावर पोचेपर्यंत तो अकरा फुटांचा झाला. त्याच्यावर मी नेत नाही, कारण आमच्या चंद्रपूरच्या ऊर्जानगरात वाघ अधूनमधून क्वार्टरांच्या मागून फिरून जातात आणि लोकांना माप माहीत आहे.

पण या प्रवासात माझं रक्त गोठलं ते वाघामुळे नव्हे, पाट्यांमुळे. ज्यांना सायकलवर बसून झाडीपट्टीतून, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या जंगलातून, वडश्याला जायची हौस आली असेल, त्यांनी हे आधी वाचावं आणि मग हवा भरावी.

ऊर्जानगर

आमच्या कॉलनीत सायकलवाल्यांचं एक मंडळ आहे. दिवाळीच्या सुमारास या मंडळाने जीप भरून पत्र्याच्या पाट्या नेल्या आणि सिंदेवाहीपासून वडश्यापर्यंतच्या आतल्या रस्त्यावर फाट्याफाट्याला रोवल्या. पिवळा रंग, काळा बाण, खाली छोटी सायकल. जीप पक्क्या रस्त्याने फिरून एकेका फाट्याला टेकायची, मधल्या वाटा आम्ही पाहिल्याच नाहीत. खड्डे मी खणले. मी कोळसा विभागातून निवृत्त झालेला माणूस, मी खड्डा खणायला लागलो की पाणी लागायच्या आत थांबत नाही. रस्त्याचा नकाशा वामनभाऊचा. वामनभाऊ वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये होता, आयुष्यभर आकड्यांशी बोलला, माणसांशी फारसा नाही. त्याने मे महिन्यात एकट्याने तो रस्ता पालथा घातला, मोबाईलवर रेघ उमटवली, आणि ती रेघ तो आम्हाला नातवाच्या फोटोसारखी दाखवत फिरायचा.

हे सगळं कशासाठी, तर शोभावहिनींसाठी. शोभावहिनी म्हणजे वामनभाऊची बायको. कॉलनीतल्या बायकांना त्यांनी सायकल शिकवली, आणि जानेवारीत त्या बायकांचा जत्था घेऊन त्या वडश्याला जाणार होत्या. पण डोळे मिटून रेघेवर विश्वास ठेवणाऱ्या त्या नव्हेत.

"तुम्ही दोघं आधी जा," त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवून सांगितलं. "रस्त्यानं कोणालेई विचारायचं नाई. तुमच्या पाट्या न तुमचा नकाशा, बस. पोचले तं आम्ही जंगलातून जाऊ. नाई पोचले तं आमचं जाणं रद्द. हायवेनं त्या ट्रकांच्या मांगं मी बाया नेणार नाई."

"पण विचारलं तं काय बिघडते, वहिनी?"

"बबनभाऊ, बाया मांगंपुढं होतात. एखादी जंगलात एकटी पडली तं ती कोणाले विचारंल? सागाले?"

आम्ही दोघांनी नेम पत्करला. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "हे समोर पळतात, मांगं पाहत नाईत. यांले एकटं सोडू नका." मी छातीवर हात ठेवला. छाती माझी मोठी आहे, हात लगेच सापडतो.

मूलचा रस्ता

चंद्रपूरहून मूलकडे निघालं की रान सुरू होतं. डिसेंबरचं धुकं असं, की माझ्या सायकलचं पुढचं चाक मला घरी आल्यावरच दिसलं. धुकं विरलं तेव्हा एक दगड आला. मूल ३०. आम्ही खूश. जोरात पायडल मारले. घाम फुटला. पुढचा दगड आला. मूल ३३.

दोघेही खाली उतरलो. वामनभाऊने वाकून चाक उलटं तर फिरत नाही ना ते पाहिलं.

पुढे एक सुंदर पाटी लागली, अक्षर मोत्यासारखं, पण तोंड जंगलाकडे. ती बहुतेक माकडांसाठी असावी. आणखी एका पाटीवर वेल इतका चढला होता, की गावाच्या नावातलं फक्त "डी" उरलं होतं. या भागात "डी"ने संपणारी गावं किती आहेत ते मोजायला बसलो असतो तर मुक्काम तिथेच पडला असता. आणि याच रस्त्यावर एक पाटी मात्र लखलखीत: वन्यप्राण्यांचा मार्ग, सावकाश जा. मला धक्काच बसला. ज्याला वाचता येत नाही त्याचा रस्ता ठळक लिहिलेला, आणि पंचवीस वर्षं पेपर वाचणाऱ्या मला "डी"!

मूलच्या अलीकडे चहाला थांबलो. चहावाल्याने ग्लास धुता धुता विचारलं, "कुठी चालले जी?"

"वडश्याले."

"मंग सिंदेवाहीवरून जासान, तिथून डाव्या..."

वामनभाऊने दोन्ही कानांत बोटं घातली. मी ओरडलो, "सांगू नका! आम्हाले रस्ता सांगू नका!"

चहावाल्याच्या हातातला ग्लास तसाच राहिला. त्याने आधी आमच्याकडे, मग आमच्या हेल्मेटांकडे, मग मागच्या रस्त्याकडे पाहिलं. "काऊन जी? काही करूनबिरून पळून राह्यले का?"

या मुलखात रस्ता सांगणं म्हणजे पाणी देण्यासारखं आहे. नको म्हटलं की माणूस दुखावतो. त्याने आमच्या पाठीमागून हात उंचावून शेवटपर्यंत डावं-उजवं दाखवलंच. आम्ही मान वळवली नाही.

सिंदेवाहीला मुक्काम केला. हे धानाचं गाव, भाताचं संशोधन करायला इथे केंद्रच आहे. खानावळीत बसल्यावर ताटात भाताचा डोंगर आला, डोंगरावर लाखोळीची डाळ आली, डोंगरापलीकडे बसलेला वामनभाऊ मला दिसेना. आमच्या कॉलनीत देशभरचे लोक, तिथे पोळीशिवाय जेवण होत नाही. मी सवयीने पोळी मागितली. खानावळवाली बाई दचकली. तिने माझा चेहरा नीट पाहिला आणि काळजीने विचारलं, "तब्येत बरी नाई का, भाऊ?"

सिंदेवाहीच्या पुढे

दुसऱ्या दिवशी आमच्या पाट्यांचं राज्य सुरू झालं. पहिली पाटी भेटली, बाण बरोबर. दुसरी भेटली, बाण बरोबर. वामनभाऊ प्रत्येक पाटीला घंटी वाजवून सलाम करायचा. दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, मध्ये पेंढ्या रचून केलेले पुंजणे, आणि पुंजण्यांवर बसलेले बगळे आमच्याकडे अशा नजरेने पाहत होते, जसे आम्ही वरात चुकलेले नवरदेव आहोत.

दुपार कलताना नकाशातली रेघ सरळ गेली आणि रस्ता सरळ पाण्यात गेला.

खोटं नाही. समोर मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला एक अवाढव्य तलाव. पलीकडचा काठ इतका दूर, की तिथे दुसरं सरकार असावं असं वाटलं. पाण्यावर शिंगाड्याच्या वेलींचा हिरवा गालिचा. आणि मोबाईलवर वामनभाऊची निळी रेघ त्या गालिच्याच्या मधोमध ताठ उभी.

"रस्ता इथंच होता," वामनभाऊ म्हणाला. आवाज एकदम बारीक. "मी गेलो होतो, बबन. या सायकलनं गेलो होतो."

काठावर एक धिवर म्हातारा डोंग्यात बसून जाळं झटकत होता. त्याचं नाव डोमाभाऊ, हे नंतर कळलं. आम्ही काही विचारलं नाही, आमचा नेम होता. त्याला सांगायला प्रश्नाची गरजच नव्हती.

"उन्हाळ्यात आले असान," तो म्हणाला. "मे मयन्यात तलाव सुकते. मंग बैलबंड्याई इथूनच जातेत, मोटारसायकलीई. आता तो रस्ता मासोळ्यांचा हाये."

वामनभाऊ खाली बसला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्या डोळ्यांसमोर जानेवारीतला जत्था आला, ओळीने, घंट्या वाजवत, रेघेवरून तलावात उतरणारा. माझ्या अंगावर काटा आला. तो काटा अजून गेलेला नाही, हवं तर हात लावून पाहा.

तलावाला वळसा घालून जायचं तर अंधार पडला असता. डोमाभाऊने डोंगा पुढे केला. पण डोंगा केवढा, तर एक माणूस आणि एक सायकल. दुसरी सायकल ठेवली की माणसाने पोहावं.

"तू आधी जा," मी म्हणालो. हे शब्द माझ्या तोंडून गेले, आणि वहिनींना दिलेला शब्द त्याच डोंग्यात बसून पलीकडे गेला, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी काठावर उकडलेले शिंगाडे खात बसलो होतो. डोमाभाऊच्या घरच्या बाईने पळसाच्या पानावर दिले होते. अशा शिंगाड्यांपुढे माणूस राज्य घालवतो, मी मित्र घालवला.

डोंगा परत यायला बराच वेळ गेला. मी पलीकडे उतरलो. वामनभाऊ नव्हता.

"ते तं लगेच गेले जी," डोमाभाऊ म्हणाला. "म्हणे, फुडची पाटी पाहून येतो."

फाटा

पुढची पाटी फाट्यावर होती. ती मी स्वतः रोवली होती. उजवीकडे दाखवायची. तिथे एक मोहाचं झाड आहे, त्याच्या मुळीवर माझं फावडं तुटलं होतं, त्यामुळे विसरणं शक्य नाही.

पाटी तिथेच होती. बाण डावीकडे दाखवत होता.

मी डोळे चोळले. मागे गेलो, पुढे आलो. बाण डावीकडेच. डावीकडे बांबूच्या रांजीतून, म्हणजे बेटातून, आत जाणारी लाल मातीची वाट, जी आमच्या नकाशात नव्हती. नकाशा वामनभाऊच्या मोबाईलमध्ये, वामनभाऊ कुठे माहीत नाही, माझ्या मोबाईलला रेंज नाही.

वाटेवर वाकलो. सायकलच्या टायरची नक्षी डावीकडे गेली होती. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच भांडं फुटलं. टायरच्या नक्षीवर एक लांबट पंजा उमटला होता, वाघिणीचा. शेजारी नाही, वर. म्हणजे आधी वामनभाऊ गेला, आणि नंतर ती गेली.

इथे मी फुगवून सांगत नाही. पंजा माझ्या तळहातापेक्षा मोठा होता आणि मातीच्या कडा अजून ओल्या होत्या. बस, एवढंच. एवढंच पुरलं.

मी ओरडलो, "वामन्याऽऽ!" ज्या आवाजाने मी कोळशाच्या पट्ट्यावरून शंभर माणसं हलवायचो तो आवाज बांबूत शिरला आणि परत आलाच नाही. एक पाखरू उडालं. मग काहीच नाही. त्या वेळी मी कोणालाही विचारलं असतं. नेम गेला चुलीत. लहान मूल भेटलं असतं तरी पाय धरून विचारलं असतं, माझा माणूस पाहिला का? पण विचारायला कोणी नव्हतं. चारही बाजूंनी साग. वहिनींचं वाक्य मला तेव्हा ऐकू आलं, शब्दन् शब्द. वहिनींना मी काय सांगणार होतो? शिंगाडे खात होतो?

सायकलवर बसायचं धैर्य नव्हतं आणि तिला सोडायचंही नव्हतं. घंटी वाजवत, हातात धरून, त्या पंजांवर पाय पडू न देता मी डावीकडे निघालो. ऊन झाडांच्या शेंड्यावर गेलं होतं. थोडं पुढे पंजे वाट सोडून झुडपात उतरले. टायर एकटाच पुढे गेला होता. मी देवाचं नाव घेतलं, मग सगळ्याच देवांची घेतली, कोणी नाराज नको.

आणि तेवढ्यात आभाळातून आवाज आला.

"...मी मुळात बोलणारा माणूस नाही..."

वामनभाऊचा आवाज! जंगलाच्या वरून, सगळीकडून, घुमत. मला वाटलं, झालं. माणूस गेला आणि वर पोचून बोलतोय. आयुष्यभर जो कंट्रोल रूममध्ये आकड्यांपलीकडे काही बोलला नाही, तो स्वर्गात जाऊन भाषण करतोय.

"...तरी आपण हा जो शाल आणि श्रीफळ देऊन माझा सत्कार केला..."

स्वर्गात श्रीफळ देत असतील का, हा विचार करता करता मी सायकलवर टांग टाकली आणि त्या आवाजाच्या दिशेने असा सुटलो, की पाठीमागून ती वाघीण आली असती तर तिलाही घाम फुटला असता.

रानबोडी

बांबू संपले आणि समोर गाव उघडलं. शेताच्या मोकळ्या बांधीत मंडप, कनाती, आणि आंब्याच्या झाडाला चारही दिशांना बांधलेले भोंगे. गावाचं नाव रानबोडी. त्या रात्री तिथे नाटक होतं.

ज्यांना झाडीपट्टी माहीत नाही त्यांना सांगतो. धान कापून झालं की या भागात नाटकं लागतात. नाटकवाल्या मंडळ्यांचं ठाणं वडश्याला. ज्या गावात नाटक, तिथे पंचक्रोशीतले पाव्हणे, लेकीजावई, सोयरे सगळे गोळा होतात, आणि नाटकाला उद्घाटक लागतो. एक नव्हे, दहा. पोस्टरवर नटांपेक्षा पाव्हण्यांची नावं मोठी. त्यातले एक पाव्हणे चंद्रपूरहून यायचे होते. ते आले नाहीत. आणि ऊन उतरायच्या सुमारास, तलावापासून रेघेवरचा भरवसा उडाल्यामुळे नुसत्या बाणाच्या मागून, पिवळं जॅकेट, काळा चष्मा आणि हेल्मेट घातलेला एक गंभीर माणूस गावात शिरला आणि विचारल्यावर म्हणाला, "चंद्रपूरहून आलो."

भोंगे तपासायचेच होते. गावकऱ्यांनी त्याचाच सत्कार उरकून घेतला.

मी मंडपात शिरलो तेव्हा वामनभाऊ खांद्यावर शाल घेऊन माईकसमोर उभा होता. मला पाहून म्हणाला, भोंग्यावरूनच, "बबन, कुठे राहिलास?"

मी त्याला मिठी मारली की मारलं, ते अजून ठरलेलं नाही. नाटक भरवणाऱ्या गावच्या मंडळाचे अध्यक्ष गुलाबभाऊ धावत आले. मी श्वास लागलेल्या अवस्थेत त्यांच्यावरच उखडलो. "आमच्या पाट्या कोणी फिरवल्या? माणूस मेला असता ना!"

"आम्हीच फिरवल्या," गुलाबभाऊ अभिमानाने म्हणाले. "सोय केली जी. तुमचा बाण जंगलाकडं दाखवून राह्यला होता. जंगलात नाटक हाये का?"

"नाटक नाही! तो वडश्याचा रस्ता आहे!"

गुलाबभाऊंनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं, की मला पुन्हा पोळी मागितल्यासारखं वाटलं. "भाऊ," ते हळू म्हणाले, "वडश्याचे नाटकवाले इथी आले. पेटीवाला इथी, तबलेवाला इथी, नट्या इथी, पडदे इथी. आज वडश्याले जाऊन तुम्ही काय करसान? वडसाच इथी आला ना!"

मी वामनभाऊच्या खांद्यावरची शाल चाचपून पाहिली, खरी होती.

"आणि ती वाघीण?" मी विचारलं.

"ते? ते रोज याच येळेले नाल्यावर पाण्याले जाते. तिले पाटी नाई लागत," गुलाबभाऊ म्हणाले, आणि मग पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरला. "पण साहेब एकटे आले, हे बरं नाई झालं. आमचे लोक त्या वाटेनं दहा जणांच्या खाली येत नाईत. हे पाटीवर लिव्हाले पायजे होतं."

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. नाटक पाहिल्याशिवाय तर नाहीच. नाटकाचं मी सांगत बसत नाही, कारण मी रडलो होतो आणि ते माझ्या बांध्याच्या माणसाला शोभत नाही.

सकाळी गावातली माणसं दहाच्या वर जमली, आम्हाला मध्ये घेऊन फाट्यापर्यंत आली, आणि गुलाबभाऊंनी स्वतः बाण उजवीकडे करून दिला. तिथून वैनगंगेच्या पुलावरून आम्ही गडचिरोली जिल्ह्यात, वडश्यात शिरलो. गाव ओस. नाटक मंडळ्यांच्या कार्यालयांवर पोस्टरं होती, माणसं नव्हती. सगळे कुठल्या ना कुठल्या गावाला गेलेले. आम्ही सायकली गाडीत टाकल्या आणि रेल्वेने परत आलो. डब्यात वामनभाऊने नकाशातली तलावावरची रेघ पुसली. पुसताना तोंड फिरवून बसला होता.

वहिनींपुढे

शोभावहिनींनी चहा ठेवला नाही. आधी विचारलं, "कोणाले विचारलं?"

"नाई," मी म्हणालो. "विचारायला कोणी नव्हतंच, वहिनी. सागच होते."

मग सगळं सांगितलं. पंजाचं सांगताना मी तळहात पुढे करून माप दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, वामनभाऊकडे पाहिलं. मग उठल्या आणि खुंटीवर लटकवलेली ती शाल काढून, घडी घालून, कपाटात ठेवली.

"पाट्या नापास," त्या म्हणाल्या.

वामनभाऊने मान खाली घातली.

"गाव पास. जाऊ आम्ही. पण सुटी एकही बाई चालणार नाई, न जो दिसंल त्याले विचारू. तलावावर एकेकीनं जायचं नाई, काठाकाठानं जाऊ. न त्या गुलाबभाऊचा नंबर द्या."

जानेवारी

जत्था निघाला. आम्ही दोघे घरी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वामनभाऊने नखं संपवली आणि माझ्या नखांकडे पाहायला लागला. वेळेच्या हिशोबाने बायका वडश्याच्या पुलावर असायला हव्या होत्या. फोन लागेना. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा एकदाचा वहिनींचाच आला. मागून भोंग्यांचा आणि तबल्याचा असा गलका, की मी फोन कानापासून हातभर दूर धरला.

"सगळ्या आहेत ना?" वामनभाऊ ओरडला.

"सगळ्या. मोजल्या."

"रानबोडीला आहात?"

"नाई जी! रानबोडीचं नाटक कवाच झालं. तुमच्या पाट्या आता फुडच्या गावच्या मंडळानं मागून नेल्या. आम्ही बाणाबाणानं बराबर इथी आलो. गुलाबभाऊचे लोक फाट्यावर घ्यायले उभे होते, दहा नाई, वीस. तुमचे बाण लय कामाचे हायेत, हंगामभर फिरून राह्यले."

वामनभाऊ धपकन खाली बसला. मोबाईलवर त्याची नवी निळी रेघ उघडी होती, आणि ती त्या गावाच्या आसपासही नव्हती.

"अगं, पण वडसा?" तो म्हणाला. "वडश्याले केव्हा पोचणार?"

पलीकडे कोणीतरी वहिनींना माईककडे बोलावत होतं. शालीचं काहीतरी चाललं होतं.

"वडश्याले कायले जाऊ?" वहिनी म्हणाल्या. "वडसाच इथी आला."